एकट्याने गाठलेली सम

13 मार्च 2020, शुक्रवार. राज्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडून आठवडाही झाला नव्हता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्या दिवशी जाहीर केले की मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील नाट्यगृहे, चित्रपटगृहे, व्यायामशाळा आणि तरणतलाव मध्यरात्रीपासून बंद राहतील. आदेशाला आधार होता 1897च्या साथरोग कायद्याचा, म्हणजे प्लेगच्या काळातल्या कायद्याचा. पाडवा अवघ्या बारा दिवसांवर होता आणि पाडवा पहाटच्या मैफलींची तिकिटे विकली जात होती. दक्षिण भारतीय वस्त्यांमध्ये रामनवमीच्या कच्चेरींचे, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलींचे, दिवस जवळ आले होते. ढोल-ताशा पथकांच्या तालमी संपत आल्या होत्या. यातले काहीच झाले नाही. पाडव्याचा दिवस, 25 मार्च, हाच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला.

चेंबूरमध्ये रामकृष्ण चेंबूरकर मार्गावर फाइन आर्ट्स सोसायटीची इमारत आहे. या संस्थेमुळे तिथल्या चौकालाच लोक ‘फाइन आर्ट्स’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे सांगितले तरी पुरते. आत शिवस्वामी सभागृह आहे, वर्ग आहेत, नृत्याच्या तालमी चालतात. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात कर्नाटक संगीतातले बहुतेक मोठे कलाकार इथे गाऊन-वाजवून गेले. मार्चच्या त्या आठवड्यापासून चौकाचे नाव तेवढे राहिले आणि आतला आवाज थांबला.

चेंबूरच्या संगीताची गोष्ट सांगायची तर हा एक चौक पुरत नाही. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. पुढे कारखाने आणि अणुसंशोधन केंद्र आले, त्यांच्याबरोबर नोकरदार आले. माटुंग्यात जागा अपुरी पडू लागली तशी तमिळ आणि मल्याळी कुटुंबे हार्बर लाइनने पूर्वेकडे सरकली. घाटला आणि आसपासची जुनी गावठाणे, टिळकनगरच्या वसाहती आणि गणेशोत्सव मंडळे हे सगळे इथे आधीपासून किंवा बरोबरीने वाढत होतेच. संध्याकाळी एका इमारतीतून सरळी वरिसई हे कर्नाटक संगीताचे पहिले पाठ, शेजारच्या इमारतीतून पेटीवर अलंकार आणि कोपऱ्यावर आरतीच्या झांजा, अशी ही वस्ती. टी. आर. बालामणी यांच्यासारख्या गुरूंनी याच मुंबईत दोन पिढ्या घडवल्या. बॉम्बे जयश्री आणि शंकर महादेवन हे दोघेही त्यांचे शिष्य.

आणि सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर होता आर. के. स्टुडिओ.

राज कपूर यांनी तो 1948 साली उभारला. ‘बरसात’पासून शंकर-जयकिशन या स्टुडिओचे संगीतकार झाले आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यामागे भरगच्च वाद्यवृंद उभा राहिला. चित्रीकरण चेंबूरला आणि ध्वनिमुद्रण शहरात, ताडदेवच्या फेमससारख्या ठिकाणी. तिथे गोव्याचे व्हायोलिनवादक स्वरलिपी वाचून वाजवत. ढोलकी-तबल्याची माणसे कानाने आणि आठवणीने वाजवत. सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीय अरेंजरने लिहिलेले कागद सगळ्यांच्या स्टँडवर असत. दत्ताराम वाडकर यांचा ठेका तर त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळी सगळे वादक आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात असत. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनचा सूर घसरला तरी सगळ्या खोलीला गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे. चूक एकाची असली तरी टेक सगळ्यांचा जाई.

नव्वदच्या दशकात ही पद्धत मोडली. अनेक ट्रॅकवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण करता येऊ लागले, कीबोर्डमधून पन्नास व्हायोलिनचा आवाज निघू लागला. बासरीवाला सकाळी येऊन आपला तुकडा वाजवून जाई, गायक दुपारी येई, गिटारवाला दुसऱ्या दिवशी. एकाच गाण्यातले साथीदार एकमेकांना न भेटता घरी परतू लागले. ज्यांचे आयुष्य मोठ्या वाद्यवृंदात गेले होते अशा शेकडो वादकांना काम मिळेनासे झाले. म्हणजे 2020 मध्ये जगभरच्या वादकांवर जी वेळ आली, एकेकट्याने वाजवायचे आणि कुणीतरी नंतर जोडायचे, तिची एक तालीम मुंबईच्या वादकांनी तीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. आर. के. स्टुडिओने तोवर आपला शेवट पाहिला होता. सप्टेंबर 2017 मध्ये तिथला चित्रीकरणाचा मोठा फ्लोअर आगीत भस्मसात झाला आणि 2019 मध्ये ती जमीन एका बांधकाम कंपनीने विकत घेतली. टाळेबंदी लागली तेव्हा तिथे ना सेट होते, ना साज.

*

मार्च 2020च्या मध्यावर इटलीतल्या बाल्कन्यांतून गाणारी माणसे सगळ्यांच्या फोनवर पोहोचली. कुणी ट्रम्पेट घेऊन उभा, कुणी अकॉर्डियन, कुणी नुसते भांडे. 22 मार्चला जनता कर्फ्यूच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मुंबईतल्या खिडक्याही वाजू लागल्या. थाळ्या, घंटा, शंख, झांजा. त्यात कुठलाच ताल नव्हता. तरी ज्यांना तालाची सवय होती त्यांनी दोन-तीन मिनिटांत समोरच्या इमारतीशी जुळवून घेतल्याचे अनेक वस्त्यांमध्ये ऐकू आले. इमारत जवळ असेल तर ते जमे, मैदानापलीकडची असेल तर नाही. हा फरक का पडला, हे पुढच्या काही आठवड्यांत प्रत्येक वादकाला शिकावे लागले.

तोवर युरोपातल्या मोठ्या वाद्यवृंदांनी पावले टाकली होती. 12 मार्चला बर्लिन फिलहार्मोनिकने सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली रिकाम्या सभागृहात मैफल केली आणि ती इंटरनेटवरून दाखवली. शेवटचा सूर संपल्यावर टाळी वाजवायला समोर कुणीच नव्हते. त्यानंतर एकत्र बसणेही अशक्य झाले, तेव्हा 20 मार्चला रॉटरडॅम फिलहार्मोनिकच्या वादकांनी आपापल्या घरून बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा आनंदगीताचा भाग वाजवला आणि चौकटी जोडून एक चित्रफीत केली. मार्च सरता सरता फ्रान्सच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाने राव्हेलचे ‘बोलेरो’ त्याच रीतीने सादर केले. स्वयंपाकघरात बासरी, जिन्यात चेलो, मुलांच्या खोलीत ड्रम. पुढच्या महिनाभरात गावोगावच्या हौशी वाद्यवृंदांनी, चर्चच्या गायकवृंदांनी आणि शाळांच्या बँडनीही अशाच चौकटी भरल्या.

कल्पना नवी नव्हती. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी 2010 मध्ये 12 देशांतल्या 185 गायकांचे घरगुती आवाज जोडून एक वृंदगान प्रसिद्ध केले होते. दहा वर्षांनी, टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, त्यांच्या नव्या वृंदगानात 129 देशांतले 17,572 गायक सामील झाले. जी गोष्ट आधी नवलाची होती ती आता गरजेची झाली होती.

मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंदाची परंपरा जुनी आहे. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात चित्रपटातल्या वादकांना घेऊन भारतीय रागांवरच्या रचना सादर केल्या. हौशी वादकांचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा 1962 पासून आहे आणि एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून. 2020च्या वसंतात यातल्या चालू वाद्यवृंदांची दारे एकदम बंद झाली. एनसीपीएने आपल्या संग्रहातल्या मैफली इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली. संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांचे वर्ग पडद्यावर नेले.

*

पडद्यावरच्या पहिल्याच वर्गात सगळ्यांच्या लक्षात आले की बरोबर गाता येत नाही.

कारण साधे भौतिकशास्त्राचे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मंचावर दहा मीटर अंतरावर बसलेल्या साथीदाराचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात. अनुभवी वादक एवढा उशीर सांभाळून घेतात, त्यापलीकडे लय ओढली जाऊ लागते. मोठ्या वाद्यवृंदापुढे छडी घेऊन माणूस उभा राहतो तो याचसाठी, कारण हात डोळ्यांना लगेच दिसतो आणि आवाज मागून येतो. इंटरनेटवरच्या बैठकीत आवाज आधी अंकांमध्ये बदलतो, मग दाबून लहान होतो, मग तुकड्यातुकड्यांनी प्रवास करतो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो. यात सहज 150 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त जातात. मध्यलयीत, मिनिटाला 120 मात्रांच्या त्रितालात, एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. तबलजी समेवर आला असे त्याला वाटते तेव्हा गायकाला ती सम जवळजवळ एक तृतीयांश मात्रा उशिरा ऐकू येते. गायक थांबतो. गायक थांबला असे वाटून तबलजीही थांबतो. काही आवर्तनांतच दोघांचीही लय कोसळते.

अंतर वाढले की यावर काही इलाजच उरत नाही. मुंबईपासून न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे यंत्रे कितीही चांगली असली तरी एका दिशेला 60 मिलिसेकंद जाणारच आणि उत्तर यायला तेवढेच आणखी. जॅम्युलससारखी मोफत प्रणाली वापरून एकाच शहरातल्या काही वादकांनी एकत्र वाजवून पाहिले. त्यासाठी तारेचे इंटरनेट, स्वतंत्र साउंड कार्ड आणि बराच धीर लागे.

म्हणून चौकटींच्या चित्रफिती दुसऱ्याच रीतीने बनत. आधी एकजण पायाचा ट्रॅक करी, त्यात ठोके आणि सूर दोन्ही असत. तो सगळ्यांना पाठवला जाई. प्रत्येकजण कानात हेडफोन घालून, त्या ट्रॅकबरोबर आपला भाग फोनवर मुद्रित करी. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे जोडणाऱ्याला सगळ्या फिती एका रेषेत लावता येत. मग संकलक बसे. कुणाचा पंखा ऐकू येतोय, कुणाच्या खोलीत घुमतेय, कुणी अर्धी श्रुती उतरलाय. चार मिनिटांच्या गाण्यामागे अनेक रात्री जात. प्रेक्षकांना पडद्यावर हसणारी, मान डोलावणारी, जणू एकमेकांकडे बघणारी माणसे दिसत. वाजवताना मात्र त्यातल्या कुणालाही दुसऱ्याचा आवाज ऐकू आलेला नसे. प्रत्येकाने सम एकट्यानेच गाठलेली असे.

हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीत शिकवणाऱ्यांची अडचण याहून विचित्र होती. व्हिडिओ कॉलची यंत्रणा बोलण्यासाठी बनवलेली. सतत, एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा वाहतूक असे समजून ती तो पुसून टाकते. तानपुरा सतत आणि एकसारखाच वाजतो. गुरूच्या खोलीत जवारी छान लागलेली असे आणि शिष्याला ऐकू येई नुसता कोरडा, अधांतरी गळा. दीर्घ षड्ज लावला की तोही मध्येच विरून जाई. मग शिक्षकांनी प्रणालीतली ती सोय बंद करण्याची बटणे शोधली. शिष्याच्या घरी त्याच पट्टीत वेगळा तानपुरा लावायची पद्धत रुळली. गुरू एक ओळ गाई, शिष्य ऐके, मग शिष्य गाई आणि गुरू ऐके. गुरूच्या सुरात सूर मिसळून गाणे, जे या शिक्षणाचे हाडच आहे, तेवढे होईना. तरीही वर्ग चालू राहिले. कित्येक घरांत दिवसभरातली तीच एक ठरलेली वेळ होती.

*

या कामाची पूर्वतयारी ज्या थोड्यांकडे होती त्यांत चेंबूरमध्ये वाढलेला एक गायक होता. शंकर महादेवन लहानपणी वीणा शिकले, बालामणी यांच्याकडे कर्नाटक संगीत शिकले, श्रीनिवास खळे यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. नेरुळच्या रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता होऊन त्यांनी काही काळ सॉफ्टवेअरमध्ये नोकरीही केली. 1998च्या ‘ब्रेथलेस’ने ते घरोघरी पोहोचले आणि 2015च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात मराठी प्रेक्षकांनी त्यांना पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत पाहिले. साथीच्या सुमारे दहा वर्षे आधी त्यांनी श्रीधर रंगनाथन यांच्यासह इंटरनेटवरून संगीत शिकवणारी अकादमी सुरू केली होती. तेव्हा ती परदेशातल्या भारतीय मुलांसाठी सोय होती. 2020 मध्ये दुसरी वाटच उरली नाही.

10 ते 12 एप्रिल 2020 या तीन संध्याकाळी, रोज आठ ते नऊ, ‘संगीत सेतु’ नावाचा कार्यक्रम दूरचित्रवाणी आणि इंटरनेटवरून झाला. 18 गायक आपापल्या घरून गायले. लता मंगेशकर, आशा भोसले, येशुदास, एस. पी. बालसुब्रह्मण्यम, सुरेश वाडकर आणि शंकर महादेवन त्यांत होते. आयोजन इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशनचे, म्हणजे 2012च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गायकांना मिळालेले हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचे. रॉयल्टीच्या हिशेबासाठी जन्मलेली संघटना त्या महिन्यात गायकांना एका पडद्यावर आणत होती. जमलेला निधी पीएम केअर्ससाठी होता.

महिनाभराने, 17 मे रोजी, याच संस्थेने ‘जयतु जयतु भारतम्’ प्रसिद्ध केले. शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शंकर महादेवन यांचे, गायक 211. पुरुष, स्त्रिया, ज्येष्ठ गायिका आणि तरुण गायक, हिंदुस्तानी आणि कर्नाटक, तमिळ आणि बांगला. प्रत्येकाने घरीच गाऊन पाठवलेली फीत. एवढ्या जणांना एक धून द्यायची म्हणजे ती प्रत्येकाच्या पट्टीत बसली पाहिजे, प्रत्येकाला दोन-चार शब्दांत आपला आवाज ओळखू येईल एवढी जागा मिळाली पाहिजे आणि जोडताना श्वास मध्येच तुटायला नको. स्टुडिओत 211 गायक एकत्र आणण्याचा विचार साथीच्या आधी कुणी केला नसता. खर्चात बसला नसता आणि तारखाही जुळल्या नसत्या.

‘संगीत सेतु’मध्ये गायलेले बालसुब्रह्मण्यम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करोनाने आजारी पडले आणि 25 सप्टेंबरला चेन्नईत गेले. पंडित जसराज टाळेबंदीमुळे न्यू जर्सीत अडकले होते. एप्रिलमध्ये, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्यांनी तिथूनच वाराणसीच्या संकटमोचन हनुमानापुढे फेसबुकवरून गाणे सादर केले. संकटमोचन संगीत समारोहाचे ते 97वे वर्ष आणि तो पहिल्यांदाच इंटरनेटवर झाला. 17 ऑगस्टला पंडितजींचे न्यू जर्सीतच निधन झाले.

*

चौकटीत येण्यासाठी काय लागते? फोन, इंटरनेट, आणि एक अशी खोली जिथे चार मिनिटे दुसरा आवाज येणार नाही. तिसरी गोष्ट मुंबईत सगळ्यांत दुर्मीळ.

जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. त्यांतला एक एम-पश्चिम, म्हणजे चेंबूर आणि टिळकनगर. दुसरा एफ-उत्तर, म्हणजे माटुंगा-सायन, जिथे षण्मुखानंद सभागृह आहे. तिसरा दहिसरचा आर-उत्तर. झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे सापडली आणि इतर वस्त्यांत 16 टक्के. एकाच विभागात, काही मिनिटांच्या अंतरावर, आजार इतका वेगळा वागला, कारण घरे वेगळी होती. ज्या एका खोलीत सहा माणसांना अंतर ठेवता आले नाही, त्याच खोलीत गाणे मुद्रित करण्याएवढी शांतताही मिळणार नव्हती. घरात फोन एक आणि त्यावर मुलांची शाळा.

चेंबूरच्या संगीतातला मोठा भाग या खोल्यांमधून येतो. भजनी मंडळे, आंबेडकरी गायन पार्ट्या, लग्नाचे ब्रास बँड, ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाले, आणि बँजो पार्ट्या. मुंबईचा बँजो अमेरिकेतल्या बँजोपेक्षा वेगळा. जपानमध्ये 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो हे वाद्य बनवले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मुंबईच्या मिरवणुकांत कर्ण्याला जोडले जाऊन बँजो झाले. रवी जाधव यांच्या 2016च्या ‘बँजो’ चित्रपटामुळे ते मोठ्या पडद्यावरही आले. बँजो पार्टी म्हणजे वस्तीतला वाद्यवृंदच. रात्री कारखान्यात किंवा दुकानात काम करून आलेली मुले, गल्लीच्या तोंडाशी तालीम, गणपतीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत एकामागून एक सुपाऱ्या. वर्षाची बरीच कमाई त्याच दिवसांतली.

2020 मध्ये गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. सरकारने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांपर्यंत आणि घरगुती मूर्तीची दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितली आणि आगमन-विसर्जनाच्या मिरवणुका बंद केल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. मंडळांनी आरत्या फोनवरून दाखवल्या. ढोल, ताशे, नाशिक बाजा, बँजो आणि ट्रम्पेट घरातच राहिले. मिरवणुकीचे वाद्य रस्त्यासाठी असते. दहा बाय दहाच्या खोलीत ते वाजवताच येत नाही आणि फोनचा माईक त्याचा आवाज पेलत नाही. पडद्याने ज्यांना तारले त्यांच्यात हे वादक जवळजवळ नव्हते. 2021 मध्ये राज्य सरकारने सुमारे 56 हजार कलाकारांना प्रत्येकी 5 हजार रुपये, म्हणजे एकूण 28 कोटी रुपये देण्याचे ठरवले. मानधनाशिवाय दीड वर्ष गेल्यानंतरचे ते 5 हजार होते.

साथीने वाद्यवृंद फक्त बंदच पाडले असे मात्र नाही. 1918च्या इन्फ्लुएंझाने मुंबईत 6 ऑक्टोबरच्या एका दिवसात 768 जणांचा बळी घेतला. त्याच काळात मध्य भारतातल्या मैहर संस्थानात साथीने असंख्य मुले अनाथ झाली. दरबारी संगीतकार अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांतल्या मुलांना गोळा करून वाद्ये शिकवली आणि त्यांचा एक वृंद केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्यही त्या मुलांसाठी बनवले. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो आणि नळ्या अशा त्या मैहर बँडला शंभर वर्षे झाली तेव्हा दुसरी साथ आली. खाँसाहेबांच्या मुलांना एकत्र बसता आले होते, हाच काय तो मोठा फरक.

*

5 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यातली नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे निम्म्या प्रेक्षकांसह उघडायला परवानगी मिळाली. दिवाळी आठवडाभरावर होती, पण दिवाळी पहाट सभागृहात किंवा मैदानात घेऊ नये, शक्य तर इंटरनेट किंवा केबलवरून घ्यावी, अशी सूचना आली. मोती साबणाच्या वासाबरोबर येणारी पहाटेची मैफल त्या वर्षी फोनवर उघडली गेली. डिसेंबरात चेन्नईचा मार्गळी संगीत हंगामही पडद्यावर होता. म्युझिक अकॅडमीने 24 ते 31 डिसेंबरदरम्यान मुद्रित मैफली दाखवल्या. चेंबूरच्या ज्या रसिकांना आयुष्यभर रजा आणि गाडीचे तिकीट जुळवून चेन्नईला जावे लागे, त्यांना त्या वर्षी घरात बसून सगळ्या कच्चेरी ऐकता आल्या. वृद्ध रसिकांसाठी ही नुसती सोय नव्हती. जिना उतरणे बंद झालेल्या कितीतरी जणांनी पुन्हा मैफल ऐकली.

पुण्यात मात्र 1953 पासून चाललेला सवाई गंधर्व महोत्सव 2020 मध्येही झाला नाही आणि 2021 मध्येही नाही.

एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेने सभागृहे पुन्हा बंद केली. पहिल्या लाटेतला उत्साह आता उरला नव्हता. चौकटींच्या चित्रफिती कमी झाल्या. लोक थकले होते आणि घराघरांत माणसे गेली होती. या काळात पडद्यावर जे टिकले ते रोजचे शिकवणे. ठरलेल्या वेळी फोन लागे, पलीकडून ‘आवाज येतोय का?’ विचारले जाई आणि कालचा पलटा पुढे सुरू होई. इथेच एक गोष्ट उघड झाली. ज्यांनी आधी एका खोलीत बसून वर्षानुवर्षे एकत्र गाणे-वाजवणे केले होते, त्यांचेच पडद्यावरचे काम टिकले. साथीदाराचा श्वास कुठे पडतो हे आधीपासून पाठ असेल तर पायाच्या ट्रॅकवर एकट्याने वाजवतानाही त्याच्यासाठी जागा सोडली जाते. टाळेबंदीत गाणे आरंभलेल्या नव्या मुलांना ती जागा कुठे सोडायची हे ठाऊक नव्हते. त्यांना ते शिकवायला सभागृहे उघडण्याची वाट पाहावी लागली.

ती 22 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली, निम्म्या आसनांसह. दोन प्रेक्षकांमध्ये एक खुर्ची रिकामी. अनेक संगीतसभांनी कॅमेरा मात्र हटवला नाही. मैफल मंचावरही झाली आणि पडद्यावरही गेली. 6 फेब्रुवारी 2022 रोजी लता मंगेशकर गेल्या आणि शिवाजी पार्कवर त्यांना निरोप द्यायला माणसे जमली.

राज्यातले सगळे निर्बंध उठले ते 2022च्या पाडव्याला, 2 एप्रिल रोजी. गिरगाव आणि डोंबिवलीच्या शोभायात्रा निघाल्या. दोन वर्षे गोणपाटात गुंडाळून ठेवलेले ढोल बाहेर आले, त्यांची पाने ओढून बांधली गेली. पथक लांबलचक होते. तीस मीटर मागच्या रांगेला पुढच्या ढोलाचा आवाज सुमारे 90 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मागचे वादक कानांवर विसंबले नाहीत. सगळ्यांत पुढचा हात टिपरू घेऊन वर गेला, मागच्या सगळ्या रांगांनी तो पाहिला, आणि सगळे एकदम खाली आले.